अर्थिंग दोन जागी

"आइए, आइए! कब से राह देख रहे हैं!" नरहरराव धवळ्यांनी दार उघडलं आणि बाहेरच्या माणसाला हाताला धरूनच आत घेतलं.

"नमस्कार. मी जरा..."

"अरे वा, मराठी! असू दे हो, आलात हे महत्त्वाचं. आधी हा आवाज ऐका."

मेकॅनिकला तीनची वेळ दिली होती आणि आता सव्वाचार झाले होते. पाच वाजता करंदीकर मंडळी प्रतिभाला बघायला यायची होती. मुलाचे वडील गाण्याचे मोठे दर्दी आहेत, असं मध्यस्थ लीलावतीकाकू बोलून गेल्यापासून नरहररावांना मुलीपेक्षा आपल्या अँप्लिफायरचीच काळजी लागून राहिली होती. भाच्याने परदेशातून आणलेली ती जोडी, आवाज आधी घेणारा छोटा प्रीअँप वेगळा, तो मोठा करणारा अँप वेगळा. भोपाळच्या त्या कारखान्याच्या सगळ्या टाउनशिपमध्ये तशी दुसरी नव्हती. आणि चार दिवसांपासून तिच्यातून गाण्याआधी, गाण्यात आणि गाणं संपल्यावरही नुसतं घूंऽऽ येत होतं.

तो माणूस क्षणभर घुटमळला. मग ते घूं ऐकून त्याची मान आपोआप टेबलाकडे वळली.

"हत्यारं कुठायत तुमची?"

"हत्यारं? नाही आणली."

"धन्य आहे!" नरहररावांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात कोंबला. "प्रतिभा, यांना टॉर्च धर. मी दाढी उरकून घेतो."

प्रतिभा जुन्या सलवार-कमीजवरच बाहेर आली. नवी साडी पलंगावर पडली होती आणि तिच्याकडे बघायचीही तिची इच्छा नव्हती. तीन वर्षं ती कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी करत होती. दोन स्थळं त्याच नोकरीवरून मोडली होती. या खेपेला नोकरीचा 'न'सुद्धा काढायचा नाही, असा शब्द आईने घेतला होता. शब्द देऊन बसली खरी, पण सकाळपासून तिला स्वतःचाच राग येत होता.

तो माणूस इस्त्रीच्या शर्टानिशी टेबलाखाली आडवा झाला.

"शर्ट खराब होईल," ती म्हणाली.

"होऊ दे. टॉर्च जरा डावीकडे. हे बघा, प्रीअँपला अर्थिंग या भिंतीच्या सॉकेटमधून. अँपला त्या भिंतीच्या. आणि वर ही तार नळाला कुणी बांधली?"

"बाबांनी. या रविवारीच. अर्थिंग जितकं जास्त तितकं चांगलं, असं कुणीतरी सांगितलं त्यांना."

"दोघांची जमीन वेगवेगळी आणि मधून दोघं एकमेकांना जोडलेले. मग घूं होणारच."

"म्हणजे एकाने आपली जमीन सोडायची!" प्रतिभाचा आवाज एकदम चढला. "आणि ती प्रीअँपनेच, नाही का?"

त्याने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. "प्रीअँपनेच का?"

तिला हसू आलं. मग कसं कोण जाणे, पुन्हा कधी न भेटणाऱ्या त्या माणसाला तिने सगळं सांगून टाकलं. नोकरी, ती दोन स्थळं, आईला दिलेला शब्द.

"मुलगा कसा आहे?" त्याने विचारलं.

"काय माहीत! फोटोसुद्धा पाठवला नाही. भोपाळातच आहे, प्रत्यक्षच बघा, म्हणाले."

"मग त्यालाच विचारा ना स्पष्ट."

"तो म्हणेल, बघू नंतर. आधीचाही तेच म्हणाला होता. त्यांचं ते 'नंतर' मला चांगलं कळतं."

प्रतिभाच्या आईने, शालिनीबाईंनी, स्वयंपाकघरातून चहा दिला, तो स्टीलच्या पेल्यात. चांगले कप पाचच्या पाहुण्यांसाठी पुसून ठेवले होते. त्याने तो चहा मन लावून प्यायला आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड मागितला.

"अर्थिंग कुणीच सोडायचं नाही," नळाची तार काढत तो म्हणाला. "सोडलं तर एखाद्या दिवशी शॉक बसेल. दोघांनी एक जागा ठरवायची, बस." त्याने दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावले आणि बटण दाबलं.

घरात एकदम शांतता झाली.

गालाला साबणाचा फेस तसाच ठेवून नरहरराव धावत आले. "बंद पडलं?"

"नाही, चालू आहे."

नरहररावांनी तबकडीवर सुई ठेवली. गाणाऱ्या बाईंनी सुरुवातीला घेतलेला श्वासही स्पष्ट ऐकू आला. नरहररावांचे डोळे भरून आले. "वा हो वा!" एवढंच म्हणून ते पुन्हा आरशाकडे पळाले.

प्रतिभाला फार हलकं वाटलं. "विचारणार मी," ती म्हणाली. "आई रागावली तर रागावली."

"काय विचाराल?"

"लग्नानंतरही नोकरी करणार. चालेल का?"

त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर हळूच टेबलावर ठेवला. "मला तुम्हाला एक सांगायचं होतं..."

तेवढ्यात बेल वाजली. पाचला अजून दहा मिनिटं होती.

"आले गं बाई! प्रतिभा, साडी!" आतून आई ओरडली.

प्रतिभा साडीकडे गेली नाही. मनातल्या मनात तोच प्रश्न घोळवत तिने जुन्या कपड्यांतच दार उघडलं.

बाहेर खांद्याला पिशवी लावलेला एक घामाघूम माणूस उभा होता. पिशवीतून पक्कड आणि सोल्डरिंगची तार डोकावत होती. "नमस्ते दीदी. साहब का अँप्लिफायर देखना था. बस नहीं मिली, देर हो गई."

प्रतिभाने वळून पाहिलं. टेबलापाशी तो शर्टाची धूळ झटकत उभा होता आणि कानापर्यंत लाल झाला होता.

"मघाशी दारातच सांगत होतो, ते राहून गेलं," तो म्हणाला. "मी जरा लवकर आलो होतो, बाकीची मंडळी पाचला येतीलच. आणि हो, चालेल."