झाडाखालची घुमटी

फाउस्तीनोने गाडी थांबवली आणि काचेतून बघतच राहिला. अल्गारोबोच्या झाडाखाली पाण्याने भरलेल्या बाटल्यांचा ढीग लागला होता. दीडशे तरी असतील. मध्ये मेणबत्त्या, कागदी फुलं, कुणाच्या तरी मोटरसायकलची नंबरपाटी.

डिसेंबरात त्याने ठेवल्या होत्या त्या फक्त तीन.

धरणाच्या या काठावर झाड एवढं एकच. बाकी दगड, खुरटी झुडपं आणि भर उन्हाळ्यातलं जानेवारीचं ऊन. गेल्या वर्षी मेंदोसा शहरातलं एक कुटुंब आधी येऊन सावली बळकावून बसलं होतं. म्हणून यंदा फाउस्तीनोने डोकं चालवलं. मासे धरायला जातो अशी बायकोला थाप मारून तो डिसेंबरात एकटाच आला, बुंध्याशी चार विटा रचल्या, पुढे तीन बाटल्या भरून ठेवल्या आणि विटेवर निळ्या रंगात लिहिलं, दिफुंता कोरेआ. सान हुआन प्रांतात एवढं पुरतं. लेकराला छातीशी धरून वाळवंटात तहानेने गेलेली ही माउली. तिला वाटेवर पाणी ठेवतात, ते पाणी कुणी हलवत नाही, आणि तिच्या घुमटीवर तंबू ठोकायची कुणाची हिंमत होत नाही. महिन्याने यायचं, तीन बाटल्या गुपचूप उचलायच्या, सावली आपली. एवढाच बेत होता. बिचाऱ्याने येणाऱ्याजाणाऱ्यांची भक्ती तेवढी हिशेबात धरली नव्हती.

"हे गेल्या वर्षी नव्हतं," त्याची बायको नेलिदा गाडीतून उतरत म्हणाली.

ती जवळ गेली, वाकली आणि सगळ्यांत जुन्या, धुळीने माखलेल्या बाटल्या बराच वेळ निरखत राहिली. मग गुडघे टेकले आणि तोंड ओंजळीत लपवलं. तिचे खांदे हलायला लागले. मारिसेलसाठी रडतेय, फाउस्तीनोला वाटलं.

मारिसेल त्यांची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी ती नवऱ्याला सोडून आली, आणि याच झाडाखाली, सगळे जेवायला बसलेले असताना, फाउस्तीनो तिला म्हणाला होता, मुकाट्याने परत जा. ती उठली आणि निघून गेली. तेव्हापासून आईशी बोलायची, बापाशी नाही. नेलिदा दर उन्हाळ्यात तिला धरणावर बोलवायची आणि दर उन्हाळ्यात ती काहीतरी कारण सांगायची. पण तिचा लहानपणापासूनचा झुला फाउस्तीनोने अजून डिकीत ठेवला होता. त्याचं एक टोक या झाडाला बांधायचं, दुसरं गाडीच्या टपाला. सावली त्याला हवी होती ती त्या झुल्यासाठी. आलीच पोरगी, तर तिची जागा मोकळी असावी.

झाड मोठं आहे, तंबू एका बाजूला लावू, असं त्याने सुचवून पाहिलं.

"माउलीच्या दारात पाय पसरून लोळणार का, म्हाताऱ्या?" नेलिदा म्हणाली. "तंबू तिकडे लाव. उन्हात."

मग काय, चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस निमूटपणे दगडांत खुंट्या ठोकत बसला. दोन दिवसांत त्याच्या नाकाची सालं निघाली. काठावरचा दुकानवाला ओस्वाल्दो बर्फ मागवायला मागची टेकडी चढायचा, कारण खाली फोन लागत नसे, आणि उतरला की फाउस्तीनोला माउलीचे चमत्कार ऐकवायचा. कुणाच्या बोटीचं बंद इंजिन चालू झालं होतं, कुणाचा दमा गेला होता.

नेलिदा मात्र भलतीच खुशीत होती. मंगळवारी तिने सांगितलं की तिने नवस बोललाय, रविवारी मारिसेल जेवायला यावी म्हणून. अट एकच होती. बापाने रोज भर दुपारी नळावरून पाणी आणून माउलीला घालायचं. ती स्वतः दुपारी टेकडीवर जायची. तिथे प्रार्थना नीट होते म्हणायची. परत यायची तेव्हा तिचे डोळे लाल असत आणि ती पदोपदी ते पुसत असे.

फाउस्तीनो डबा घेऊन जात राहिला. आपणच रचलेल्या चार विटांपुढे उभं राहताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शनिवारी आसपास कुणी नाही असं बघून त्याने टोपी काढली.

"माउली, तुला फसवलं मी," तो पुटपुटला. "पण पोरगी आली तर तिची माफी मागेन. चार लोकांसमोर."

रविवारी बारा वाजता रस्त्यावर धुरळा उठला आणि पांढरी गाडी येऊन थांबली. मारिसेल उतरली. केस आखूड केले होते, जरा भरली होती. फाउस्तीनोने निखाऱ्यांवरचं मांस तसंच सोडलं आणि हातातल्या चिमट्यासकट तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. ओस्वाल्दो होता, शेजारच्या तंबूंतली माणसं होती.

"चुकलो मी, पोरी," तो म्हणाला. "परत जा म्हणायला नको होतं. दार उघडायला हवं होतं."

तिने त्याला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून त्याला घुमटी दिसत होती. आता दरवर्षी पाणी आणायचं, त्याने मनात ठरवलं. आणि त्या तीन बाटल्यांचं गुपित मरेपर्यंत पोटात ठेवायचं.

मारिसेलने तिच्या गाडीची डिकी उघडली आणि आतून एक भलीमोठी कोरी छत्री ओढून काढली, चार खुर्च्या मावतील अशी.

"ही कशाला?" त्याने विचारलं. "एरवी आपण झाडाखालीच असतो. यंदा उन्हात आहोत हे तुला कसं कळलं?"

ती ओठ दाबून आईकडे बघायला लागली. नेलिदाने घाईघाईने पाठ फिरवली आणि मांस उलटायला घेतलं. तिचे खांदे पुन्हा हलत होते.

"आईने शुक्रवारी टेकडीवरून फोन केला, पप्पा," मारिसेल म्हणाली. "म्हणाली, झुला डिकीत आहे, झाडाखाली आपल्याच घरातल्या सरबताच्या तीन बाटल्या आहेत, आणि तुझा बाप रोज उन्हात त्यांना पाणी घालतोय."