बहात्तर ठोके

माणसांसाठीचा हिरवा दिवा चोवीस सेकंद राहतो. रस्त्यापलीकडे बँडचा तालमीचा हॉल होता. अलीकडे सासरे, म्हणजे त्या बँडचे मास्तर, उभे होते, उजव्या हातात काठी आणि कानात सुनेने बसवलेले इयरफोन. अर्धांगाच्या झटक्यानंतर मास्तरांनी हा रस्ता ओलांडला नव्हता.

"मिनिटाला बहात्तर पावलं पडू द्या, मग खुशाल जा," असं फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं.

म्हणून सुनेने मोबाइलवर एक प्लेलिस्ट केली. फक्त आकडा द्यायचा. तेवढ्या ठोक्यांची गाणी मास्तरांच्या जुन्या संग्रहातून मोबाइल आपला आपण गोळा करायचा. सुरुवात पन्नासाने झाली. दर सोमवारी सून गुपचूप दोन वाढवायची. सांगितलं असतं तर म्हातारा हटून बसला असता, अशी तिची पक्की खात्री. एकदा मात्र अडुसष्टच्या जागी शहाऐंशी पडलं आणि गाणी धावत सुटली. त्या दिवशी मास्तर दहा पावलांतच पायरीवर टेकले. बुटाची लेस सुटली म्हणाले. तेवढ्यात तिने आकडा दुरुस्त केला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

आज आकडा बहात्तरवर पोचला होता. दिवा हिरवा झाला. ती शेजारून चालत होती, पडलेच तर धरायला. रस्त्याच्या मध्यावर इयरफोनची वायर काठीत अडकली आणि दोन्ही कान मोकळे झाले. तिने धरायला हात पुढे केला. मास्तरांची पावलं मात्र तशीच पडत राहिली. फुटपाथवर पोचले तेव्हा तीन सेकंद उरले होते.

"बाबा, गाणं नसताना कसं जमलं?"

"चाळीस वर्षं बँड वाजवला मी. सोमवारी दोन ठोके वाढलेले मला कळणार नाहीत होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी जिवाचं रान करतेस, त्यात मी कशाला मोडता घालू? तुझ्यामुळे इथवर आलो, पोरी. हे मी विसरणार नाही."

हॉलमध्ये कोणीतरी ट्रम्पेट फुंकून बघत होतं. मास्तर दाराकडे वळले आणि हसले.

"आणि त्या शहाऐंशीच्या दिवशी माझी लेस सुटली, हे तुला खरं वाटलं."

तिने खाली पाहिलं. झटका आल्यापासून मास्तर पट्ट्यांचे बूट वापरत होते. रोज सकाळी ते पट्टे तीच लावत होती.