एकेचाळीस आणि बेचाळीस

बेट बुडाल्यापासून काळखडपचं गाव तराफ्यांवर तरंगत होतं. उधाण आलं की नगरपालिकेचं यंत्र सगळी घरं ओढून आडोशाला नव्याने मांडायचं. दर वेळी शेजार बदलायचा. आज मात्र एकेचाळीस नंबरचं घर बेचाळीसला सोडून हलेचना, आणि उधाण तर दुपारीच येणार होतं. शेवटी पालिकेचा पाणबुड्या मोरेश्वर तांडेल होडी घेऊन आला.

"ने बाबा मला लांब!" एकेचाळीसच्या भागीमावशी बोंबील वाळत घालता घालता कडाडल्या. "त्या येसूचं तोंड बघायचं नाही मला. बेट होतं तेव्हाही माझ्या काठ्यांवर स्वतःचे बोंबील टाकायची मेली, आता पुन्हा शेजारी येऊन तेच!"

मोरेश्वरने बुडी मारली. खाली दोन्ही तराफे जाड दोराने बांधलेले होते. एकेचाळीसच्या बाजूने होडीला मारतात तशी भक्कम गाठ होती. तो वर आला आणि त्याने सुरी काढली, तशा मावशी वरमल्या.

"कापू नकोस रे. आता या वयात अनोळखी माणसांशी भांडू का मी?" मग हळूच म्हणाल्या, "तिला सांगू नकोस हां."

हसू दाबत मोरेश्वर गाठ तपासायला पुन्हा खाली गेला. तिथे आणखी एक दोर होता. त्याची गाठ बेचाळीसच्या बाजूने मारलेली होती.

तो वर आला आणि दोन्ही घरं एकच धरून चाल, असं त्याने यंत्राला कळवलं. बेचाळीसच्या खिडकीत येसूबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या.