पुढच्या रांगेतली टाळी

"माय फादर वॉज अगेन्स्ट माय एज्युकेशन. ही बर्न्ट माय बुक्स," असं विशाखानं माइकमध्ये ठणकावून सांगितलं, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्या बापानं सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

केरबाला इंग्रजी येत नव्हतं. पोरगी दम घ्यायला थांबली की टाळी वाजवायची, एवढंच त्यानं ठरवून टाकलं होतं. बाप शिक्षणाच्या विरोधात होता, त्यानं माझी पुस्तकं जाळली, असं ती सांगत होती. मागची माणसं माना उंचावून बघू लागली, कोण बाबा हा राक्षस म्हणून. केरबाला वाटलं, कौतुकानं बघायलेत. त्यानं शेजारच्याला सांगितलंसुद्धा, "आमची हाय ती. इस्लापूरची." शेजारचा जरा सरकून बसला.

"अगेन्स्ट ऑल ऑड्स, आय डिड इट!" विशाखानं शेवट केला. सगळं उलटं असताना मी करून दाखवलं! हॉल दणाणून गेला. ती मात्र बापाकडं न बघता खाली उतरली.

कसलं उलटं अन् कसलं काय! डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी नांदेडला पोरं येतात, त्यांच्यामागं त्यांच्या आया येतात, खोली करून राहतात, रांधून घालतात. विशाखाची आई महामाया गावात अंगणवाडीवर. तिला नोकरी सोडता येईना. मग केरबानं आपलं पंक्चरचं दुकान बंद केलं आणि पोळपाट-लाटणं घेऊन तोच आला. गल्लीत सगळ्या आया आणि त्यांच्यात हा एकटा मिशीवाला. आधी पोळ्या करपल्या, मग वाकड्यातिकड्या झाल्या, मग चांगल्या गोल व्हायला लागल्या. दुपारी डबा घेऊन तो क्लासच्या फाटकाशी उभा राहायचा. पोरी खिदळायच्या, "विशाखा, तुझी मम्मी आली बघ!" विशाखा डबा घ्यायची आणि त्याच्याकडं न बघता आत पळायची.

ती पास झाली म्हणून क्लासनं हा सत्कार ठेवला, त्याच्या आधी क्लासच्या बालाजी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. "इंग्रजीतच बोलायचं बरं का. अगेन्स्ट ऑल ऑड्स, बीट द ऑड्स, अडचणींवर मात, हे जोरात आलं पाहिजे."

"पण सर, माझे बाबा तर माझ्यासाठी इथं पोळ्या..."

"अगं, बाप पोळ्या लाटतो, यात कसली अडचण? टाळ्या कशावर पडणार? विरोध दाखव विरोध. अन् तुझ्या बाबाला कुठं इंग्रजी कळतंय?"

तिला नाही म्हणता आलं असतं. सरांनी काही बंदूक रोखली नव्हती. पण 'माझा बाप पोळ्या लाटतो' हे हॉलभर सांगायची तिला लाज वाटली. पुस्तकं जाळणारा बाप सांगायला सोपा वाटला. आता तेच तिला आतून खात होतं. सरांवर ढकलायची सोयच नव्हती.

परतताना ऑटोत केरबाचं तोंड मिटत नव्हतं. "काय बोललीस गं माय! एक अक्षर कळलं न्हाई, पण अंगावर काटा आला बघ."

"काही नाही बाबा. असंच."

"असंच कसं? लोकं माना वर करू करू मला बघायले. आता आपल्या विहारात तुझा सत्कार ठेवलाय न्हवं? तिथं हेच बोल. पण मराठीत. आपल्या लोकांला कळलं पाहिजे की."

आत्ताच पाय धरावेत आणि सांगून टाकावं, असं विशाखाला वाटलं. बाप सत्कारात मिळालेली शाल मांडीवर घेऊन तिच्या किनारीवरून हात फिरवत होता. "बरं," एवढंच ती म्हणाली.

इस्लापूरला आल्यावर तिला जेवण गोड लागेना. आई विचारायची, "पास झालीस, अन् तोंड काऊन पाडून बसलीस?" विशाखा उठून आत जायची. शेवटी तिनं मनाशी पक्कं केलं. जे तिकडं सांगायला लाजले, तेच विहारात सांगायचं. म्हणजे फिटलं.

सत्काराला सगळा मोहल्ला जमला. वंदना झाली, हार झाले, आणि विशाखा उभी राहिली. माझ्या बाबांनी दुकान बंद केलं, ती म्हणाली. आयांच्या गल्लीत राहून त्यांनी मला पोळ्या करून घातल्या. पोरी त्यांना हसायच्या आणि मीसुद्धा त्यांच्याकडं बघत नव्हते. माझं चुकलं. मी डॉक्टर होणार ती बाबांच्या हातच्या पोळ्यांवर. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावू लागल्या. कितीतरी दिवसांनी विशाखाला मोकळा श्वास घेता आला.

केरबा मात्र खुर्चीत चुळबुळ करत होता. आता काय करावं या पोरीला! त्यानं आजूबाजूला बघितलं आणि न राहवून तो उभाच राहिला.

"ए माय, हे काय लावलंस? माझ्या पोळ्यांचं समद्या गावाला ठावं हाय. नांदेडात बोललीस ते सांग की!"