मागच्या दाराची पाहुणी

"इमा, हात धू आणि बाहेर येऊन बस," मारिवेल आईला तिसऱ्यांदा म्हणाली.

"जीभ गार झाली तर साल सुटायची नाही," ईसिंग म्हणाली. "तू जा. गाडी वाजली बघ."

"आणि लग्नाच्या दिवशी काय करशील? फोटोतसुद्धा आत्यालाच उभी करशील?"

"आधी ठरू तर दे."

तीन तास उकळलेली बैलाची जीभ ईसिंगच्या हातात वाफाळत होती. वरची पांढरी, खरबरीत साल गरम असतानाच ओढावी लागते. बोटं भाजतात. ईसिंगची भाजायची ती कधीच भाजून झाली होती.

आज मारिवेलला मागणी घालायला येणार होते. पाम्पांगा प्रांतात मुलाकडचे जेवण घेऊन मुलीच्या घरी येतात आणि मुलीच्या आईबापाचा होकार मागतात. मारिवेलचा बाप वारलेला. आई एकतीस वर्षं सान फेर्नान्दोतल्या एका बड्या घरी स्वयंपाकीण. पोरं मनिलात भेटली होती, एकमेकांच्या घरचं माणूस कुणी पाहिलेलं नव्हतं. मुलाकडे भाताची गिरणी आहे, एवढं गावात ऐकू आलं होतं. ते ऐकलं आणि ईसिंगने ठरवून टाकलं. बैठकीत आई म्हणून बसेल तिची नणंद रेमेदिओस, निवृत्त मुख्याध्यापिका, फाडफाड इंग्रजी बोलणारी. ईसिंग स्वयंपाकघरात राहील, स्वयंपाकीण म्हणून. मारिवेल रडली, भांडली. ईसिंगने तिला मेरीमातेची शपथ घालून गप्प केलं.

दुसऱ्याच्या घरी एकतीस वर्षं भिंतीला टेकून उभं राहिलं की स्वतःच्या घरातही खुर्ची टोचते. ही अक्कल कुणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. बड्या घरांत ती शिकवतात, आणि पगार देताना उपकार केल्यासारखं तोंड करतात.

मागचं दार वाजलं. एक बुटकी, काटक बाई पातेलं कवटाळून उभी होती.

"मी पासिंग. मुलाकडच्यांबरोबर आलेय. नारळाच्या दुधातला चिकट भात आहे. कुठे ठेवू?"

"ठेवा तिथे. पुढून नाही आलात?"

"आपलं इकडूनच बरं असतं," पासिंग म्हणाली. विचारायच्या आत तिने हात धुतले, सुरी घेतली आणि जिभेच्या बुडाची उरलेली साल काढायला लागली. एकसारखे काप पाडले. ईसिंगला बरं वाटलं. कामाचा हात कामाच्या हाताला ओळखतो.

कढईत लोणी वितळलं, लसूण तांबूस झाला. काप दोन्ही बाजूंनी परतले. मग डब्यातले मशरूम त्यांच्या पाण्यासकट आणि आटवलेलं दूध.

"साय?" पासिंगने विचारलं.

"शेवटी. आधी घातली तर फाटते."

"आमच्याकडे फाटलेलीच मिळायची," पासिंग म्हणाली आणि दोघी हसल्या. मग तिने आवाज खाली आणला. "मुलगी कशी आहे हो, ताई? खरं सांगा. नाक वर करून चालणारी नाही ना?"

"भांडकुदळ आहे. पण स्वतःचं खरकटं स्वतः उचलते."

"मग आमच्या आर्नेलशी पटेल. तो स्वतःचे कपडे स्वतः धुतो."

"गिरणीवाल्यांचा पोरगा?"

"शिकवलं कुणीतरी."

"आणि त्याची आई? कडक आहे?"

पासिंगने सुरी पुसली. पुन्हा पुसली. "घाबरट आहे," ती म्हणाली.

ईसिंगला काही ते खरं वाटलं नाही. दाराच्या फटीतून तिने मघाशीच पाहिलं होतं. आर्नेलशेजारी मोत्यांची माळ घालून एक धिप्पाड बाई बसली होती, आणि तिचा आवाज भिंत फोडून आत येत होता.

"लग्न मनिलात, मोठ्या हॉटेलात. इथल्या चर्चपुढे गाडी लावायलाही जागा नाही."

"आमच्या घराण्यातल्या मुली हॉटेलात लग्न करत नाहीत," रेमेदिओस म्हणाली.

"घराणं? या पत्र्याखाली?"

"पत्र्याखाली आहे, पण शिकलेलं आहे. गिरणीवर पोसलेलं नाही."

खुर्ची सरकली. आर्नेल काहीतरी समजुतीचं बोलत होता, कुणी ऐकत नव्हतं. "ऊठ आर्नेल," मोतीवाली म्हणाली. "माणसं कळली." मग मारिवेलचा हुंदका ऐकू आला.

ईसिंगने गॅस बंद केला. साय ओतली, दोनदा ढवळली. भरल्या बैठकीत ती आजवर मान खाली घालून गेली होती आणि रिकामी भांडी घेऊन परतली होती. तिने जिभेचं मोठं ताट उचललं आणि ॲप्रनसकट बाहेर गेली.

"कुणी उठायचं नाही," ती म्हणाली. ताट तिने मधोमध ठेवलं. "वन्सं, सरका जरा. त्या खुर्चीत मला बसायचंय. मारिवेलची आई मी आहे. परक्या चुलीवर रांधून तिला शिकवलं. लग्न कुठे करायचं ते पोरं ठरवतील. माझा होकार आहे."

रेमेदिओस सरकली.

ईसिंगने आर्नेलकडे पाहिलं. आता हा उठून जाईल, असं तिच्या मनात आलं. तो उठला खरा, पण दाराकडे वळला नाही. ईसिंगच्या खांद्यावरून तो स्वयंपाकघराकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

तिथे पासिंग उभी होती, ओले हात झग्याला पुसत.

"मीही नणंदेलाच पुढे बसवलं होतं," ती म्हणाली. "आर्नेलची आई मी."