भानुमतीबाईंचं नवं दृष्टिपटल

"आज मानवाने अंधारावर विजय मिळवला आहे!" डॉ. इनामदार गरजले.

"हळू बोला, डॉक्टर. माझे डोळे गेले होते, कान नव्हे," भानुमतीबाई म्हणाल्या.

येवल्याच्या या विणकरीण बाई नऊ वर्षं अंध होत्या. आईच्या पोटात ज्या जनुकाने त्यांचे डोळे घडवले, तेच डॉक्टरांनी पुन्हा जागं केलं होतं. सत्तर वर्षांची झोप झटकून, एकही समिती न नेमता, त्याने दृष्टिपटलातले, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्यातले, चेतापेशींचे थर नव्याने रचले होते.

आता रंग दिसतील का, एवढीच धास्ती होती.

पट्टी सुटली. सुनेने स्वतः विणलेली पैठणी पुढे धरली. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"जांभळा काठ... हिरवा मोर. शाब्बास गं!"

सुनेला रडू फुटलं. डॉक्टरांनी भाषणासाठी घसा खाकरला.

"डॉक्टर, उजेडातून जरा बाजूला व्हा. मोराची चोच चुकलीय वाटतं."