पहिल्या हाकेची ओ

चिंधाने टाकीच्या मॅनहोलशी तोंड नेऊन "भटू!" अशी हाक मारली, आणि आतून लगेच "ओ" आली.

बाजूला छत्री धरून उभे असलेले गुप्ते साहेब खूश झाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या कपाळाची आठी गेली. हातातल्या कागदावर त्यांनी बरोबरची खूण केली आणि तुझा मेहुणा सुधारला म्हणायचा, असं चिंधाला म्हणाले. चिंधा हसला खरा, पण त्याला ते पटेना.

कारण भटू पहिल्या हाकेला ओ देणारा प्राणीच नव्हता. देईल कसा? अंधारातून, विहिरीतून, रिकाम्या घरातून आपल्या नावाची हाक आली तर पहिलीला गप्प, दुसरीला गप्प, तिसरी झाली की मगच तोंड उघडायचं, हे त्याच्या आईने त्याला दुधाबरोबर पाजलेलं. माणूस तीनदा हाक मारतो, दुसरं जे काही असतं त्याचा दम दोन हाकांतच संपतो. आणि ही टाकी तर विहिरीची थोरली बहीण. आत मिट्ट काळोख, बाहेर सुरतेचं वैशाखातलं ऊन.

साहेबांचा नियम नेमका उलटा. पेट्रोल उपसलं म्हणजे टाकी रिकामी झाली, मोकळी झाली नाही, हे त्यांनी सगळ्यांना घोकून घोकून सांगितलं होतं. तळाचा गाळ हलवला की वाफ सुटते, ती दिसत नाही, आणि माणूस उभ्या उभ्या झोपतो. म्हणून एका वेळी आत एकच जण, कमरेला दोर, बाहेरच्याने दर दोन मिनिटांनी हाक मारायची. पहिल्या हाकेला ओ नाही आली की दोर ओढायचा, विचारत बसायचं नाही. त्यापायी सकाळी भटूला धडधाकट असताना दोनदा फरफटत बाहेर काढलं होतं. कोपरं सोलली बिचाऱ्याची. तिसऱ्यांदा असं झालं तर दोघांनीही धुळ्याची गाडी धरायची, असं साहेबांनी बजावलं होतं.

म्हणजे भ्यायला असेल, सुधारला असेल, असं चिंधाने मनाला समजावलं. दोन मिनिटांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा लगेच ओ. आवाजही भटूचाच. पण मघापासून खोऱ्याचा खरखराट ऐकू येत नव्हता, आणि हातातला दोर नुसता लोंबत होता.

आता ओढावा, तर साहेब समोर उभे. ओ आली असताना ओढला तर म्हणतील, मेहुणे मेहुणे मिळून नियमाची थट्टा करता काय? नोकरी जायची. न ओढावा, तर घरी शोभा बसलेली. तिचा एकुलता एक भाऊ आठ दिवसांपूर्वी चिंधाच्याच शब्दावर सुरतेला आला होता. तिला काय तोंड दाखवणार? चांगलाच घाबरला तो.

मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने मॅनहोलमध्ये डोकं घातलं आणि स्वतःचंच नाव पुकारलं.

"चिंधा!"

"ओ," आतून आली. लगेच.

दोरामागे उभ्या असलेल्या लोटू आणि दगा या दोघा मजुरांच्या अंगावर सरसरून काटा आला. साहेबांची छत्री खाली झुकली. आवाज घुमतो, पत्र्याची टाकी आहे, असं काहीतरी ते पुटपुटले.

"घुमला तर चिंधा म्हणून परत येईल साहेब," चिंधा म्हणाला, "ओ म्हणून कसा येईल?"

आणि त्याने दोर ओढला. लोटू आणि दगा धावले. दोर जड लागत होता, पोतं ओढावं तसा, मध्येच अडत होता, मग सुटत होता. भटू मॅनहोलपाशी आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि मान कुठेही कलंडत होती. त्याला बाहेर काढून वाऱ्याला निजवलं, छाती चोळली, तोंडावर पाणी मारलं. चिंधा तर त्याच्या उशाशी बसून लहान पोरासारखा रडत होता. बऱ्याच वेळाने भटूला खोकल्याची उबळ आली, तो गाळाचं पाणी ओकला, आणि त्याने डोळे उघडले.

साहेब पांढऱ्या पॅंटनिशी चिखलात उकिडवे बसले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी विचारलं, अरे, चक्कर येत होती तर ओ कशाला देत राहिलास? मी माझ्या कानांनी ऐकली.

भटूने आधी चिंधाकडे पाहिलं.

"मी बोलनूच नही, दाजी," तो म्हणाला. "तुमची हाक आली, पण जीभच वळेना. म्हटलं, बरंच झालं, ओ गेली नाही की ओढतील. तेवढ्यात बाजूचाच बोलला. दर खेपेला तोच बोलायचा."

"बाजूचा कोण?" साहेबांनी विचारलं.

"काय माहीत." भटूने डोळे मिटून घेतले. "पण साहेब, तुमचा नियम त्याला चांगला पाठ आहे."